दर दिवाळीला त्याच जागी फाटणारी रल्ली

तक्रार आधी एका दमात सांगते. हातानं शिवलेली जुनी वाकळ, अंगावर घ्यायला काढत नाही, कपाटात जपून ठेवलेली, उंदीर नाही, कसर नाही. तरी दिवाळीच्या आधी बाहेर काढली की एकाच तुकड्यावर नव्या चिरा. शिवून ठेवावी तर पुढच्या वर्षी शिवणीला लागून नवं भोक. आमच्याकडे हे सलग सात वर्षं चाललं. तुमच्याकडंही असंच होत असेल तर आधी सुई-दोरा खाली ठेवा. पहिली पाच वर्षं मी जे जे केलं, त्यानं ती जास्तच फाटली.

वाकळ म्हणजे आमच्या कोल्हापूर भागातली गोधडी. पण ही जन्मानं वाकळ नव्हे, रल्ली. माझी नानी, म्हणजे आईची आई, सिंधी. फाळणीनंतर कराचीहून बोटीनं मुंबईला उतरली, कल्याणच्या कॅम्पात काही महिने काढले आणि तिथून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आली. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांसाठी वळिवड्याला १९४३ मध्ये छावणी उभी राहिली होती. पाचेक हजार माणसं, त्यांत बायका-पोरंच जास्त, १९४८ पर्यंत तिथं राहिली. ती गेली आणि त्या बराकींत सिंधी आले. आज अख्खा जिल्हा लग्नाचा बस्ता बांधायला ज्या गांधीनगरला जातो, ते असं वसलं.

रल्ली नानीनं त्या बराकीत शिवली. वर चौकोन आणि त्रिकोण जोडून केलेला रंगीत पदर, आत जुनेरं, खाली अस्तर, आणि या सगळ्यातून आरपार जवळजवळ घातलेले धावदोऱ्याचे टाके, अशी ही सिंधची गोधडी. आमच्या रल्लीच्या मधोमध नानांच्या खांद्यावरच्या अजरकचा, म्हणजे ठशांनी छापलेल्या सिंधी सुती कापडाचा, हातभर तुकडा आहे, तो सिंधहून आलेला. भोवतीनं दुकानांतल्या कातरणी, पांढऱ्या, लाल, पिवळ्या. आणि अस्तराला शेजारच्या मराठी बाईनं दिलेलं इरकली लुगडं. नानीला मराठी धड बोलता यायच्या आधी तिची त्या बाईशी टाक्यांवरून ओळख झाली, असं आई सांगते. ते पटतं, कारण रल्ली उलटी केली की दिसतं: अर्धे टाके बारीक, एका ओळीत, आणि उरलेले अर्धे लांब, वाकळेला घालतात तसले.

फाटायचा तो मधला अजरकचा तुकडाच. बाकी काही नाही.

मी करून बसलेले उद्योग

पहिल्या वर्षी वाटलं, कसर लागली. डांबरगोळ्या आणल्या आणि सरळ घड्यांत टाकल्या. घरभर वास झाला, चिरा होत्याच. दुसऱ्या वर्षी शिंप्याकडे दिली. त्यानं चांगल्या मनानं पॉलिएस्टरच्या पक्क्या दोऱ्यानं मशीनची शिवण मारली, जाड आणि जवळ. पुढच्या दिवाळीला ती शिवण तशीच ताठ उभी आणि तिच्या दोन्ही अंगांनी कापड सुरीनं कापल्यासारखं सुटलेलं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून मागून इस्त्रीनं चिकटणारं कॅनव्हास लावलं. हा माझा सगळ्यात मोठा गाढवपणा. चिकटलेलं ते आता काढताही येत नाही, आणि जिथं त्याची कड संपते तिथं कापड दुमडून तुटतं. एकदा ड्रायक्लीनला दिली. परत आली तेव्हा स्वच्छ होती, पण तुकड्याच्या मधली दोन फुलं त्या मशीनमध्येच कुठंतरी राहिली होती.

आणि हे सगळं करताना दरवर्षी दसऱ्यानंतर खणखणीत ऊन पडलं की रल्ली गच्चीवर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. शेजारच्या आक्कांचा तो नियम. "अगं, चार महिने पावसात कोंडलेली वाकळ, उन्हात टाकल्याबिगर ऱ्हाती व्हय? वास मारंल की!" त्यांच्या रोजच्या वाकळांच्या बाबतीत आक्का शंभर टक्के बरोबर आहेत. नानीच्या रल्लीच्या बाबतीत मात्र तेच ऊन रोगाला खतपाणी घालत होतं.

रोग सापडला तो असा

एका दुपारी मुलाचं भिंग घेऊन बसले. अजरकवर गडद लाल आणि निळ्या रंगांत चांदण्यांची नक्षी, आणि प्रत्येक आकाराला काळ्या रेघेची बारीक चौकट. भिंगाखाली लाल जागा शाबूत. निळी शाबूत. काळी रेघ मात्र चाळण झालेली. काही ठिकाणी तर रेघच गायब, तिच्या जागी रेघेच्याच आकाराची फट, आणि आत नानीनं भरलेलं जुनेर दिसतंय. कापडाच्या कडेला सुटे धागे लोंबत नव्हते, जसे फाटल्यावर लोंबतात. कड भुगा झाल्यासारखी. खाली पांढरा रुमाल धरून तुकडा हलकेच हलवला तर रुमालावर तपकिरी चुरा पडला.

किडा रंग बघून खात नाही. ओढाताणीनं फाटलं असतं तर कापड उभ्या-आडव्या धाग्यानं फाटलं असतं, नक्षीच्या वळणानं नव्हे. मग काळ्या रेघेतच काय आहे?

उत्तर नणंदेनं दिलं. ती रसायनशास्त्र शिकवते, सुट्टीला आली होती. मी भिंग तिच्या हातात दिलं आणि ती हसायलाच लागली. "वहिनी, लोखंडी विळीवर कच्ची केळी चिरली की विळी काळी पडते की नाही? तुमच्या अजरकवरची काळी रेघ म्हणजे तेच."

केळीत, आवळ्यात, हिरड्यात जो तुरट अंश असतो तो लोखंडाला भेटला की काळा रंग तयार होतो. लोखंडी कढईतला आवळा काळा पडतो तो त्यामुळंच. अजरक छापणारे हीच गोष्ट मुद्दाम करतात. कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात. लोखंडाचं भंगार गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबवून त्याची काळी पेस्ट करतात आणि ठशानं रेघ उमटवतात. लाल रंगाला तुरटी आणि मंजिष्ठ, निळ्याला नीळ, काळ्याला लोखंड. रंग पक्का, शेकडो वर्षं चालत आलेला. पण लोखंड धाग्यात बसून राहतं आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं सुताचा धागा आतून तोडत राहतं. दमट हवा असली की वेगानं, प्रकाश मिळाला की आणखी वेगानं. तुरटीला ही खोड नाही, म्हणून लाल जागा टिकते आणि तिला लागूनची काळी रेघ झडते. शाईचंही तसंच आहे. काजळाची शाई कागद खात नाही, लोखंडाची शाई अक्षराच्या आकारानं कागद पोखरते.

म्हणजे आमच्याकडे काय चाललं होतं बघा. जून ते सप्टेंबर कोल्हापूरचा पाऊस, रल्ली प्लास्टिकच्या पिशवीत दमट. मग ऑक्टोबरात दिवसभर कडक ऊन. मग घडी घालून पुन्हा आत, आणि घडी कायम एकच: आधी लांबीत अर्धी, मग रुंदीत. तिची मोड नेमकी अजरकच्या मधून जायची. म्हणून दरवर्षी त्याच जागी. लोखंडानं धागा नाजूक करायचा, घडीनं तो मोडायचा, आणि मी पॉलिएस्टरच्या दोऱ्यानं उरलेला कापायचा.

तुमचा रोग हाच आहे का, ते आधी ठरवा

चिरा काळ्या किंवा गडद तपकिरी रंगापुरत्याच असतील, शेजारचे रंग धड असतील आणि चुरा पडत असेल, तर बहुधा लोखंडच. अजरकच हवी असं नाही, जुन्या काळ्या-तपकिरी सुती कापडाचा कुठलाही तुकडा असा वागू शकतो. सगळ्या रंगांतून आरपार वेडीवाकडी भोकं असतील आणि घडीत बारीक विष्ठा किंवा किड्याची साल सापडत असेल, तर कसर किंवा दुसरा किडा. फाटलेली रेघ अगदी सरळ आणि घडीच्या मोडीवरच असेल, रंग कुठलाही असो, तर दोष घडीचा. आणि काळे-करडे ठिपके, कुबट वास पण कापड शाबूत, तर ती बुरशी. आमच्याकडे पहिला आणि तिसरा रोग एकत्र होता, म्हणून कुठलाच उपाय एकटा लागू पडत नव्हता.

इलाज

लोखंड काढून टाकता येत नाही, निदान घरी तरी नाही. तुटलेला धागा पुन्हा जुळत नाही. जे करायचं ते झीज मंद करायला आणि उरलेलं जागच्या जागी धरून ठेवायला. हे पचवायला मला वेळ लागला, कारण शिवलं म्हणजे दुरुस्त झालं हे डोक्यात बसलेलं.

धुणं बंद. पूर्ण बंद, हातानंसुद्धा नाही. ओल लागली की लोखंड काळ्या रेघेतून शेजारच्या पांढऱ्या कापडात सरकतं आणि तिथं तपकिरी कड उमटते. पुढं ती जागाही नाजूक होते. शिवाय आत जुनेरं भरलेली वाकळ भिजली की इतकी जड होते की उचलतानाच टाके तटातटा तुटतात. आमच्या रल्लीत सत्तरच्या दशकात आईनं लावलेलं एक लाल ठिगळ आहे, ते पाण्याचा थेंब पडला तरी रंग सोडतं. तुमच्याकडं धुण्याशिवाय गत्यंतरच नसेल तर निदान प्रत्येक रंगावर ओला पांढरा फडका मिनिटभर दाबून बघा. फडक्याला एकाही रंगाचा डाग लागला तर विषय संपला.

धूळ काढायला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा कापडावर अंथरायचा आणि त्याच्यावरून व्हॅक्यूम क्लीनर, सगळ्यात कमी जोरावर. अजरकवर तेही नाही. तिथं मऊ ब्रश, तोही धड रंगांवरूनच.

आता शिवण. गांधीनगरला काळं बारीक नेट मिळतं, ओढणीला लावतात तसलं, मऊ बघून घ्यायचं. कडक नेट नको, ते घासतं. नेट साध्या पाण्यातून दोनदा काढून वाळवलं. मग रल्ली जमिनीवर चादरीवर सपाट पसरली, मांडीवर घेऊन नाही, कारण मांडीवर घेतली की वजनानं ओढ बसते. सुटलेले कपचे चिमट्यानं आपापल्या जागी सरकवले. त्यावर नेट अंथरलं, अजरकच्या तुकड्यापेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठं. आणि नेट शिवलं ते अजरकला नव्हे, त्याच्या भोवतीच्या धड कातरणींना. आत फक्त लाल जागांवर, दोन-दोन इंचांवर एकेक ढिला टाका, कापडाच्या धाग्यांमधल्या फटीतून सुई घालून. काळ्या रेघेत सुई एकदाही नाही.

सुई दहा नंबरची बारीक. दोरा सुती, एकेरी. इथं सगळे चुकतात आणि मीही चुकले: दोरा कापडापेक्षा कमजोर हवा. ताण आलाच तर दोरा तुटला पाहिजे. तुटलेला दोरा मी पुन्हा घालीन, अजरक कुठून आणू? ताणून टाका ओढायचा नाही, गाठ मारायची नाही; शेवटी दोन बारीक टाके एकावर एक घालून दोरा सोडायचा.

नेटमुळं लाल रंग किंचित मळकट दिसतो. हातभर अंतरावरून कळत नाही. आईला कळलं. दोन दिवस ती काही बोलली नाही, मग म्हणाली, "चष्मा काढून बघितलं की तशीच दिसते."

नानीचे मूळचे टाके कुठंही उसवले नाहीत. एका ठिकाणी मला मोह झाला होता, आतून मलमलीचा आधार सरकवावा म्हणून. कापड जास्त गेलं असेल तर तो रस्ता चांगला आहे, पण मलमल आधी गरम पाण्यातून दोन-तीनदा काढून तिची खळ घालवायला हवी. खळ राहिली की कसर आलीच.

ठेवायची कशी

या एका गोष्टीनं सगळ्यात जास्त फरक पडला. घडीच बंद केली. कापडाच्या दुकानात ठाण संपलं की आतली पुठ्ठ्याची नळी टाकूनच देतात. ५८ इंची पन्ह्याची नळी मागा, म्हणजे वाकळेची रुंदी मावते. पुठ्ठा आम्लधर्मी असतो, म्हणून त्याच्यावर स्वयंपाकघरातलं ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळायचं आणि वर धुतलेल्या मलमलीचे दोन वेढे. त्यावर रल्ली सैल गुंडाळायची, रंगीत बाजू बाहेर ठेवून, म्हणजे आतल्या बाजूला पडणाऱ्या चुण्या अस्तराच्या वाट्याला जातात. इरकली लुगडं ते सोसतं. वरून जुनी धुतलेली सुती चादर, आणि बांधायला दोरी नको, कापडाच्या रुंद पट्ट्या.

नळीला जागा नसेल तर घडी घालावी लागेल. मग निदान प्रत्येक मोडीत जुन्या धोतराची जाड वळकटी घाला आणि दर तीन-चार महिन्यांनी घडीची जागा बदला. पहिली घडी कुठं होती ते विसरायला होतं, मी कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवून तारीख लिहीत असे.

कपाट आमचं बाथरूमच्या भिंतीला लागून होतं. ते हलवलं. हवेतला दमटपणा मोजायचं छोटं यंत्र घेतलं, तेव्हा जुलैत काटा ८५ टक्क्यांच्या खाली यायला तयार नव्हता. ६५-७० च्या वर गेलं की बुरशीला आमंत्रणच. तेव्हापासून पावसाळ्यात रल्ली घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या ट्रंकेत जाते, कर्णावर आडवी घातली की नळी मावते, सोबत कापडी पिशव्यांतून अर्धा किलो सिलिका जेल. जेल उघड्या कपाटात ठेवून उपयोग नाही, ते सगळ्या खोलीची हवा पीत बसतं. आणि ट्रंक भरायची ती वळवाचा पहिला पाऊस पडायच्या आत, कापड कोरडं असताना. दमट कापड बंद केलं तर आपण स्वतःच बुरशीची शेती केली. माझी प्लास्टिकची पिशवी ती हीच.

डांबरगोळ्यांबद्दल दोन शब्द. कापडाला लागू द्यायच्या नाहीत, आणि कापराबरोबर तर अजिबात ठेवायच्या नाहीत. दोन्ही एकत्र विरघळून चिकट डाग पडतात. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर वाळवून, पुरचुंडीत. मी तर काहीच ठेवत नाही. कापड स्वच्छ, कोरडं आणि वर्षातून दोनदा डोळ्याखालून गेलं तर कसर फारशी फिरकत नाही.

राहिला उन्हाचा प्रश्न. ऊन बंद, हवा चालू. आणि दिवसही बदलला. दसऱ्यानंतरच्या उन्हाऐवजी आता रल्ली चेटीचंडला उघडतो, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. चैत्रातली हवा कोरडी, वळीव अजून लांब, आणि आईच्या माहेरचं नवं वर्ष. माजघरात सतरंजीवर पसरायची, खिडक्या उघड्या पण पडदे ओढलेले, पंखा दूरवर मंद. दुपारी जेवणं झाली की पुन्हा गुंडाळायची. आक्का पहिल्या वर्षी दारातनंच म्हणाल्या, "सावलीत वाळवण घातलंयसा जणू." यंदा आल्या तेव्हा स्वतःहून चपला बाहेर काढून, हात पदराला पुसून आत बसल्या.

हे सगळं करून दोन वर्षं झाली. उघडली की मी अजून चिरा मोजते. गेल्या वर्षी नवी एकही नव्हती. यंदा एक सापडली, पाऊण इंचाची, आणि तीही त्या इस्त्रीच्या कॅनव्हासच्या कडेला लागूनच. तिच्यावर नेट चढवायचं राहिलंय. काळं नेट संपलं, शनिवारी गांधीनगरला चक्कर मारायची आहे.